निंबार्ते सिस्टर कोणाला हरवू देत नाहीत

निंबार्ते सिस्टर तुम्हाला पहिल्यांदा भेटल्या तर नमस्कार-चमत्कार काही करणार नाहीत. म्हणतील, "आ करा." तुम्ही बावचळून आ केलंत की लगेच पुढचा हुकूम, "आता आपलेच तीन बोटं उभे टाका तोंडात. दाताच्या मधात. टाका, लाजता काहून?"

धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. आमच्या भंडाऱ्यात मात्र दर पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो, आणि तो खाऊन खाऊन गाल आतून कडक होतात. मग दोन बोटं जातात. मग दीड. पुढचं सांगायला सिस्टर बसलेल्याच असतात. एसटीच्या कंडक्टरला त्यांनी तिकीट घेता घेता आ करायला लावलं आहे. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या मामाला! बिचाऱ्याच्या एका हातात अक्षता, दुसऱ्या हाताची बोटं तोंडात. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला.

माझी अडीच भरली. नोकरीचा पहिला दिवस होता. सिस्टरांनी माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला, खर्ऱ्याची पुडी काढली आणि सरळ पिवळ्या पिशवीत टाकली. पिवळ्या पिशवीत ऑपरेशनमधलं काय काय टाकतात ते मला ठाऊक होतं, म्हणून पुडी परत काढायचा विचारही मनात आला नाही. एक मिनिटभर आला, खोटं कशाला बोलू!

आता आमचं काम काय ते सांगतो. भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात आमची एक खोली आहे. नागपूरचे डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनवर एक संशोधन करतात. जबड्याचं, गालाचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटला लवकर तोंडाचे आणि गिळण्याचे व्यायाम दिले तर पुढे त्याला नीट जेवता येतं का, बोलता येतं का, एवढंच बघायचं. त्यासाठी पेशंट दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी तपासणीला यायला हवा. मी संशोधन समन्वयक. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरणं. फॉर्ममधला माणूस हुडकून आणणं हे सिस्टरांचं काम. तीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढून त्या रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात इथं हजर झाल्या. मला नावानं कधी हाक मारत नाहीत. "ओ समन्वयक!" म्हणतात, आणि त्या शब्दात जेवढा मान असायला हवा तेवढा बिलकूल नसतो.

व्यायामासाठी लाकडी काड्या लागतात, आइस्क्रीमच्या असतात तसल्या. दातांमध्ये काड्यांची थप्पी धरायची आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची. सिस्टर बाजारातून नव्या काड्यांचे गठ्ठे उचलतात. दुकानदार कित्येक दिवस त्यांना कुल्फीवाली समजत होता. एकदा त्यानं विचारलं, "बाई, यंदा धंदा कसा हाये?" सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासारखे खर्रा खाणारे हायेत तोवर जोरात हाये. आ करा."

तर असा सगळा आनंद चालू असताना रामदास भुरेचा फोन लागेनासा झाला.

रामदास पवनी तालुक्यातल्या आसगावचा. नागपूरला त्याचा अर्धा जबडा काढलेला. आतापर्यंत तो तपासणीलाही नागपूरलाच जायचा, आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. मागच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरांना त्याच्या मानेत वाटाण्याएवढी गाठ लागली होती. साधी असेल किंवा कॅन्सर पसरत असेल, म्हणून महिन्याभरात पुन्हा बघू, असं कागदावर लिहिलं होतं. महिना उलटला, दुसराही संपत आला. रामदास काही आला नाही. आमच्या फॉर्मवर शेवटी चार चौकोन असतात. पेशंट बरा आहे, आजार परत आला, मृत्यू, आणि चौथा, संपर्क तुटला. सिस्टरांनी आजपर्यंत चौथ्या चौकोनात एकदाही खूण केली नव्हती.

मी म्हटलं, "सिस्टर, नागपूरचे सर म्हणतात, भुरेला महिनाअखेर 'संपर्क तुटला'मध्ये टाका."

"तुटला? कोणं तोडला?"

"त्याचा फोन बंद आहे ना."

"फोन बंद हाये, माणूस तर चालू हाये ना! अन् त्याच्या मानेत गाठ हाये, त्या गाठीले कोण सांगन का बाई थांब, संपर्क तुटला म्हणून? काढा तुमची गाडी. पाहतो कसा नाई येत!"

हे 'पाहतो कसा नाई येत' सिस्टरांच्या तोंडी आलं की वाद घालायचा नसतो. गाडीत पेट्रोल टाकायचं असतं.

आमच्याकडे नागपूरचे डॉक्टर दर गुरुवारी येतात. त्याच गुरुवारी सकाळी आम्ही आसगावला पोचलो. नागपूरच्या सर्जननी कागदावर पत्ता म्हणून 'मंदिराजवळ' लिहिलं होतं आणि आसगावात मंदिरं किती आहेत ते मी मोजायच्या फंदात पडलो नाही. धानाच्या रोवणीचे दिवस. पानठेल्यावर विचारलं, तर रामदास भुरे बांधीत, म्हणजे त्याच्या धानाच्या शेतात आहे म्हणाले. सिस्टर साडीचा काठ खोचून चिखलातून निघाल्या. बांधीत एक माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून उभा होता.

"रामदास भुरे तूच का?"

"हो जी."

"किती दिवसापासून वाट पाहून राहिलो तुही! आ कर."

त्यानं दुपट्टा ओठांपुरता सरकवला आणि घाबरून आ केलं. चष्मा सिस्टर दवाखान्यातच विसरून आल्या होत्या, पण बोटांवर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. बोटं जेमतेम दीड गेली. "पाहा समन्वयक, दीड! व्यायाम करत नाई हा बावा. चल दवाखान्यात."

"बाई, आधार कार्ड घेऊ का?"

"काही घेऊ नको. तोंड घेऊन चल."

मोटरसायकलवर आम्ही तिघं. पुढे मी, मधे रामदास, मागे फाइल छातीशी धरून सिस्टर. पवनीपर्यंत त्यांनी त्याला काड्यांच्या व्यायामावरून झापलं आणि पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत न आल्याबद्दल. तो प्रत्येक वाक्याला "हो बाई, चुकलं बाई" म्हणत होता. इतका गरीब पेशंट मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी त्याच्या तोंडात बॅटरी मारली, मान चाचपली, पुन्हा तोंडात पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, याचा जबडा तर शाबूत आहे."

रामदासनं डॉक्टरांकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "साहेब, मंग माहं घरकुल मंजूर झालं का?"

त्यानं घरकुलाचा अर्ज केलेला. फाइल घेतलेली बाई आणि सोबत शर्ट-पँटीतला माणूस, म्हणजे घरकुलाचीच चौकशी असणार, हे त्यानं बांधीतच ठरवून टाकलं होतं. तोंड कशाला बघतात ते कळलं नाही, पण हल्ली कोणत्या योजनेत काय बघतील याचा नेम आहे का! आसगावात रामदास भुरे दोन, एकमेकांचे चुलत भाऊ. आम्ही भलताच उचलून आणला होता.

मला हसू आवरेना. सिस्टर मात्र वरमल्या नाहीत. डॉक्टर अजून बॅटरी धरून उभे होते. या रामदासच्या गालात आतून एक पांढरा चट्टा होता, कॅन्सरच्या आधीचा. अजून काही बिघडलं नव्हतं, पण असाच खर्रा चालू राहिला असता तर पुढे बिघडायला वेळ लागला नसता. डॉक्टरांनी तुकडा तपासायला घेतला आणि त्याला दम भरला. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दात काढू नका समन्वयक. हा गलत नाई आणला, येळेवर आणला."

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. "पण तो खरा कुठी हाये रे बावा?" त्यांनी विचारलं.

"माह्या घरामागंच राह्यते जी," घरकुलवाला रामदास म्हणाला. "पण तो बाहेर निघत नाई. कोणासंग बोलत बी नाई."

डॉक्टर म्हणाले, असली गाठ थांबत नाही, सापडला की गुरुवारची वाट बघू नका, कधीही फोन करा, मी येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा आसगावात. या वेळी सिस्टरांनी चष्मा घातला होता.

दारात रामदासची बायको आली. "घरी नाईत," म्हणाली, आणि आतून खोकला आला. तिला रडूच फुटलं. पुतण्याच्या लग्नात रामदास पंगतीला बसला होता. अर्धा जबडा नाही, ओठ पुरता मिटत नाही. वरण हनुवटीवरून शर्टावर सांडलं आणि समोरची लेकरं हसली. लेकरंच ती! पण तो पानावरून उठला तो उठलाच. त्या दिवसापासून तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवतो, बायकोलाही समोर बसू देत नाही. फोन त्यानंच बंद करून धानाच्या कोठीत टाकून दिला.

मला वाटलं, सिस्टर आता आत घुसतील आणि खास त्यांच्या आवाजात "आ कर" म्हणतील. मी कान झाकायच्या तयारीतच होतो. त्या ओसरीवर टेकल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "बाई, मले भूक लागली."

"भात-भाजी वाढतो जी."

"नाई. त्यायले जे देता तेच मले दे. दोन वाट्या भर, मी आतमधी जातो."

बायकोनं पातळ पेज भरून दिली. सिस्टर आत गेल्या. भिंतीकडे तोंड करून तो बसला होता. त्याही त्याच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून बसल्या. मी दाराबाहेरून बघत होतो. रामदास एक चमचा घ्यायचा, मान तिरपी करायचा, गिळायचा, पुन्हा गिळायचा. एका घासाला मिनिट लागायचं. सिस्टर त्याचा घास उतरेपर्यंत आपला चमचा उचलायच्या नाहीत. दवाखान्याचं नाव नाही, गाठीचं नाव नाही. त्या भलतंच बोलत होत्या. नळाला पाणी येत नाही, शेजारीण कचरा दारात टाकते, समन्वयकाला गाडी चालवता येत नाही. मग त्यांनी घरकुलवाल्या रामदासची गोष्ट सांगितली, आणि "साहेब, घरकुल मंजूर झालं का" इथं आल्यावर तो हसला. सगळी पेज ओठातून बाहेर आली. त्यानं घाईघाईनं दुपट्टा ओढला आणि सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांच्याही हनुवटीवरून पेज ओघळत होती. त्यांनी ती पुसली नाही. मुद्दाम सांडली की हसताना सांडली, हे मला आजवर कळलेलं नाही. मी मात्र तोंड फिरवून आंगणात गेलो, कारण माझं मलाच काही सुधरेना.

वाटी संपायला पाऊण तास लागला. मग तो आपणहून बोलला. शब्द फुटके होते, पण कळले. "बाई, गाठ वाढली. मले लागते हाताले. भेव लागते."

सिस्टरांनी त्याची मान चाचपली. चेहरा जराही हलू दिला नाही. "भेव तर लागनच," त्या म्हणाल्या. "मलेबी लागून राहिलं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ. मी इथंच थांबतो आज."

आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं रामदास आला, बायको आली आणि खिडकीची जागा धरायला घरकुलवाला रामदासही आला. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण अजून काढण्याजोगी होती. नागपूरला मानेचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक झाले. या गोष्टीला आता वर्ष होईल. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी दहा दहा वेळा मान चाचपली, काही सापडलं नाही. पहिल्या चौकोनात खूण मीच केली, आणि सिस्टरांनी चष्मा लावून ती नीट झाली की नाही ते तपासलं.

परवा सोमवारी घरकुलवाल्याचा फोन आला. खर्रा सुटला म्हणाला, घरकुलाचं काय झालं म्हणून विचारलं, आणि बोलता बोलता म्हणाला, "बाई काल बी आल्या होत्या. दर आइतवारी येतात जी."

मी रजिस्टर पाहिलं. रामदासची तपासणी दोन महिन्यांनी होती. मी सिस्टरांना विचारलं, "रविवारी आसगावला काय असतं?"

त्या काड्यांचे गठ्ठे बांधत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "जेवाले जातो."

"एवढ्या लांब? जेवायला?"

त्यांनी गाठ पक्की आवळली. "मिस्टर गेले, पोरगी सासरी गेली. घरी माहं जेवण पाच मिनिटात होते, समन्वयक. उभ्या उभ्याच. त्याले लोकाइत बसून जेववत नाई, मले एकटीले जेववत नाई. तिथं आमाले पाऊण तास लागते."

कॉम्प्युटरवरचा फॉर्म तसाच उघडा होता. मी तो बंद केला आणि म्हणालो, "या रविवारी मी गाडी काढतो."

"पेजच असते," सिस्टर म्हणाल्या.

"चालते," मी म्हणालो.