चारच्या आधी

आमच्या पालीहून समुद्र बघायचा तर अख्खा दिवस एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. पण मन्मथअप्पा रोज संध्याकाळी पारावर येऊन सांगायचे, "लाट पाच मीटर हाय. जपून रे बाबांनो." पारावरच्या निम्म्या लोकांनी बिंदुसरा धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही! एकदा शेळ्या घेऊन निघालेल्या बाईला त्यांनी अडवलं. ती म्हणाली, "अप्पा, माझ्या शेळ्यायला पवता येत न्हाई. घरीच नेते." अन् खरंच नेल्या.

अप्पा गणिताचे रिटायर मास्तर. घरात एकटे. बैठकीत मात्र बावीस कॉम्प्युटर. शाळेनं टाकलेले, भंगारातले, बंद पडलेल्या नेट कॅफेतले. माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून माझ्याही मानगुटीवर बसले. दिलं बाबा एक.

"एवढे कावून लागतेत?" मी विचारलं.

"समुद्राचे चौकोन पाडलेत. एकेकाला एकेक चौकोन. समदे एकदम गणित करतेत, म्हणून लवकर उरकतं. पण कडंला आलेली लाट शेजाऱ्याला सांगावी लागती. शेजाऱ्याला इचारल्याबिगर लाट फुडं जात न्हाई, बे!"

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून दहादा म्हणायचे.

मला त्या खोलीत करमत नसे. खिडक्या बंद. कॉम्प्युटरच्या पंख्यांची घरघर सगळी मिळून चढायची, उतरायची. फरशी पायाला ओली लागायची. बाहेर आलं की ओठ खारट. घाम असेल, दुसरं काय, असं म्हणायचो. पण ऐन थंडीत घाम?

एके दिवशी पडद्यावरच्या तारखेकडं लक्ष गेलं. सात वर्षांपूर्वीची.

"अप्पा, हा दिवस तर कवाच गेला की!"

"म्हाईत हाय." ते खुर्चीवर बसले. "माझा ल्योक शिवा कोकणात बोटीवर इंजिन सांभाळायचा. त्या दिशी त्यानं फोन केलता, 'अप्पा, तुमचं गणित काय म्हणतंय?' घरात एकच कॉम्प्युटर. म्हटलं, होऊ दे, सांगतो. चारला बोट निघाली. उत्तर दुसऱ्या दिशी सकाळी आलं. बरोबर आलं, लेका. लई बरोबर."

शिवाची बोट परतली नाही, हे गावाला ठाऊक होतं. बाकीचं कुणालाच नाही.

"तोच दिवस रोज लावतो. आता उत्तर चार वाजून दहापर्यंत आणलंय. एक मशीन हळू हाय. पंगतीत एक जण सावकाश जेवला की समद्यांनी बसून ऱ्हायचं, तसं हाय."

"कोणतं?"

अप्पांनी कोपऱ्यातल्या एका मशीनवरची धूळ पुसली. मग मीच ओळखलं. माझंच! चांगलं दुकानात ठेवून मी त्यांच्या गळ्यात डबडं बांधलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं ओरडत असताना चांगला कॉम्प्युटर उचलला अन् अप्पांकडं नेऊन जोडला. पावणेचारला सगळे पंखे एकदम मंदावले. पडद्यावर उत्तर आलं. अप्पांनी फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं बाई सांगत होती. मलाही ऐकू येत होतं. ती बोलत असतानाच अप्पा म्हणाले, "शिवा, निघू नको रे बाळा. उत्तर आलंय. लाट लई मोठी हाय."

फोन कानाला तसाच. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली.

"थांबला," अप्पा म्हणाले, अन् माझा हात धरून लेकरासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

उठताना फरशीवर हात टेकला. ठणठणीत कोरडी होती.