अण्णांचं सरळ स्टेअरिंग

स्टेअरिंग वाकडं होतं.

रोहनने जीप बिबवेवाडीच्या सोसायटीत आणून उभी केली, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या मतलबाचं पाहून घेतलं. पोरांनी राक्षसी टायर आणि टपावरचे दिवे पाहिले. शेजारच्या रावसाहेबांनी आपल्या पार्किंगमध्ये घुसलेला बंपर पाहिला. रोहनच्या आईने, सुंदराबाईंनी, पायरीची उंची पाहिली आणि मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्याच्या वडिलांना, कचरूअण्णांना, मात्र स्टेअरिंगखेरीज काही दिसेना. त्यांची उमेदीची सगळी वर्षं एसटी चालवण्यात गेली होती आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात, पाहुण्यांना दिसेल असा ठेवलेला होता. चाकं सरळ आणि स्टेअरिंग डावीकडे कललेलं, हे त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं.

"रोहन, स्टेअरिंग वाकडंय."

"गाडी लिफ्ट करून उंच घेतलीय ना, अण्णा. उचलली की थोडं वाकडं बसतं. गॅरेजवाला वैजनाथ म्हणाला, एवढं चालतं."

"चालतं कसं?"

"आणि प्लीज, हिला हात लावू नका. ही एसटी नाही. सगळं सेन्सरवर चालतं."

रोहन हे सहज बोलून गेला आणि विसरलाही. अण्णांना ते लागलं. ते जिना चढून वर गेले.

जीप रोहनच्या हौसेची होती हे खरं, पण निमित्त सुंदराबाईंचं होतं. त्यांची थोरली बहीण मुक्ताई वेल्ह्याकडच्या डोंगरात एका वाडीवर राहायची. वाडीने खपून छोटंसं बुद्धविहार उभं केलं होतं, आणि मूर्ती पुण्याहून सुंदरानेच आणायची, असं मुक्ताईने सगळ्या वाडीदेखत सांगून टाकलं होतं. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. एसटी डोंगराच्या पायथ्याशी थांबते. तिथून पुढचा रस्ता म्हणजे नुसता दगडधोंडा, आणि त्यावर सुंदराबाईंचे गुडघे काही चालणारे नव्हते. कित्येक वर्षं दोघी बहिणी फोनवरच भेटत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा फिरायला निघाले, ते पान्यांची पिशवी घेऊनच. उचललेल्या गाडीचा एक फायदा असा की खाली ऐसपैस जागा मिळते. ते जीपखाली शिरले, स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या टायरॉडचे नट सैल केले, रॉड थोडा फिरवला आणि नट पुन्हा आवळले. वर येऊन पाहिलं, तर स्टेअरिंग ओळंब्यात. हात झटकून ते खरोखरच फिरायला गेले. कुणाला सांगितलं नाही. हात लावू नका म्हटल्यावर सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्याच दिवशी रोहन आणि त्याची बायको पूर्वा आईला घेऊन कात्रजच्या घाटात चाचणीला गेले. चांगल्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंगसमोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला. त्यावर तिरकी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. पाठोपाठ एका चाकाला आपोआप ब्रेक लागला आणि जीप डावीकडे ओढली गेली. मागच्या दुधाच्या टँकरवाल्याने काच खाली करून रोहनच्या शिक्षणाविषयी शंका व्यक्त केली.

"तो स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा आहे," घरी आल्यावर रोहनने अण्णांना समजावलं. "गाडी घसरायला लागली की ती स्वतःच ब्रेक लावून सावरते."

"घसरत होती?"

"नाही. पण तिला वाटतंय की घसरतेय."

"चित्र तर दारू पिऊन चालवणाऱ्याचं दिसतंय," अण्णा म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

सुंदराबाई मात्र हबकल्या होत्या. "भगवंतांनी मध्यम मार्ग सांगितला आणि ही बया डावीकडे ओढतेय. हिच्यात मूर्ती ठेवायची कशी?"

वैजनाथचं गॅरेज कात्रजला होतं. त्याने लॅपटॉप जोडला. गाडी सरळ असताना तिथे शून्य आकडा यायला हवा होता, तो येत नव्हता. त्याने टायरॉड फिरवून आकडा शून्यावर आणला आणि दिवा विझला. "दगडावर आपटून हलला असेल," तो म्हणाला. स्टेअरिंग पुन्हा डावीकडे कललं, पण लॅपटॉप खूश होता, म्हणून रोहनही खूश होता.

पहाटे अण्णांनी पाहिलं. गॅरेजवाल्याने पुन्हा वाकडं करून ठेवलं होतं. दिव्याचा आणि याचा काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दिवा म्हणजे वायरिंगचं काम, आणि स्टेअरिंग म्हणजे इज्जतीचं. त्यांनी पाना काढला.

मग हे चक्रच सुरू झालं. गॅरेजमधून जीप ठणठणीत यायची आणि सकाळी ऑफिसला निघाली की बिबवेवाडीच्या पहिल्याच चौकात झटका द्यायची. वैजनाथला टपावरच्या दिव्यांचा संशय आला, ते उतरले. मग पुढची दोर ओढायची चरखी उतरली. मग राक्षसी टायर गेले आणि कंपनीचे आले. नववधूसारखी सजून आलेल्या जीपचा एकेक दागिना उतरत चालला, आणि दिवा आपला जागच्या जागी.

"उंदीर," रावसाहेबांनी निदान केलं. "वायरी कुरतडतात. माझा पिंजरा न्या. पिंजरा परत द्या, उंदीर ठेवून घ्या."

पिंजराही लावून झाला. उंदीर मिळाला, पण दिवा गेला नाही.

शेवटी एका संध्याकाळी सुंदराबाईंनी फोन लावला. "मुक्ताई, गाडीचा भरवसा नाही गं. मूर्ती कुणाबरोबर तरी धाडते. माझ्यावाचून अडायचंय थोडंच?" फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या. बाहेर अण्णांना तो आवाज ऐकवेना.

पूर्वालाही तो ऐकवला नसावा. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घ्यायची. कपात चहा ओतता ओतता ती म्हणाली, "रोहन, गाडी गॅरेजमधून निघताना बरी असते. घरी येईपर्यंत बरी असते. सकाळी बिघडते. म्हणजे बिघाड गाडीत नाहीच. तो पार्किंगमध्ये होतो. वैजनाथ दर वेळी तो रॉड सरळ करतो आणि इथे तो कसा काय फिरतो, तेवढंच शोधायचंय."

अण्णांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. गाडी बिघडवत होते ते स्वतःच. बिल्ला मिळवलेला माणूस. आता कबूल करावं, तर रोहन म्हणणार, सांगितलं होतं ना. न करावं, तर आतल्या खोलीत सुंदरा भिंतीकडे तोंड करून निजलेली. पहाटे ते पिशवी घेऊन खाली उतरले आणि जीपखाली शिरले. जन्मात पहिल्यांदा चांगलं सरळ स्टेअरिंग वाकडं करायला त्यांनी पाना लावला. हात धजेना. मग त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात 'सुंदरासाठी' म्हटलं आणि रॉड फिरवला.

पार्किंगमधल्या विजेच्या मीटरच्या पेटीवर पूर्वाने आपला जुना मोबाइल चालू करून ठेवला होता, हे त्यांना कोण सांगणार?

नाश्त्याला पोहे होते आणि सोबत चित्रफीत. पडद्यावर जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांतल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला घरातल्या सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या.

"अण्णा?" रोहन म्हणाला.

"आज मी वाकडं केलं," अण्णा म्हणाले. "आजच. बाकीच्या दिवशी सरळ करत होतो."

"अहो, मला एकदा विचारायचं तरी."

"तू हात लावू नका म्हणालास."

"विचारू नका नव्हतो म्हणालो."

सुंदराबाईंनी अण्णांच्या ताटलीत पोह्यांचा आणखी एक डाव वाढला. ती शिक्षा होती की माया, ते त्यांना कळलं नाही.

गॅरेजमध्ये वैजनाथने सगळं ऐकलं. "म्हणजे काका, मी सरळ करायचो आणि तुम्ही वाकडं?"

"मी सरळ करायचो आणि तू वाकडं."

वैजनाथ लॅपटॉपकडे बघत राहिला आणि मग त्याने कपाळावर हात मारला. गाडी उचलली त्या दिवशी घाईघाईत त्याने स्टेअरिंग कललेलं असतानाच गाडीला सांगून टाकलं होतं, की यालाच सरळ म्हणायचं. तेव्हापासून ती बिचारी वाकड्यालाच सरळ समजत होती. कुणी खरोखर सरळ केलं, की तिला वाटायचं आपण वळतोय, मग घसरतोय, आणि ती ब्रेक दाबायची.

"तिच्या ध्यानात राहतं?" अण्णांनी विचारलं. "मला वाटलं लोखंड आहे, फिरवलं की झालं. चुकलंच माझं."

"अर्धं माझं, काका. आता तुम्ही रॉड सरळ करा. मग ती मोकळ्या रस्त्यावर नाकासमोर चालवायची, आणि मी तिला नव्याने सांगतो की सरळ म्हणजे हे."

रोहनने खिशातून किल्ली काढली, क्षणभर हातात खेळवली आणि अण्णांपुढे धरली. "ही एसटी नाही," तो म्हणाला. "पण चालवाल तुम्ही."

वैजनाथ मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. अण्णांनी जीप अशी नेली, की त्याला आकड्यांकडे पाहायचीही गरज वाटेना. त्याने बटण दाबलं आणि दिवा विझला. दुसऱ्या सकाळीही तो लागला नाही. सुंदराबाईंनी बहिणीला फोन करून एवढंच सांगितलं, "मीच येतेय."

बुद्धपौर्णिमेला मूर्ती गोधडीत गुंडाळून, सीटबेल्ट लावून मागच्या सीटवर बसली. तिच्या शेजारी सुंदराबाई बसल्या. त्यांना स्टुलावर चढवून आत घ्यायला सगळं घर लागलं. पुढे अण्णा चालवत होते. दगडधोंड्यांवरून जीप डुलत डुलत वर गेली, आणि वाडीच्या तोंडाशी मुक्ताईने बहिणीला गाडीतून उतरूही दिलं नाही, पायरीवर चढून वरच मिठी मारली. दोघी रडल्या, मग एकमेकींच्या पिकलेल्या केसांना हसल्या.

वंदना झाली. सुंदराबाईंच्या हातून मूर्ती ओट्यावर विराजमान झाली. सगळे हात जोडून उभे राहिले. अण्णांनी पाहिलं, मान थोडी कलती केली, पुन्हा पाहिलं. मूर्ती किंचित डावीकडे बसली होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

"बरोबर बसलीय ना हो?" सुंदराबाईंनी हळूच विचारलं.

"बसलीय," अण्णा म्हणाले. "एवढं चालतं."

मागून रोहन पुढे आला. त्याने एक डोळा मिटून ओटा पाहिला, मूर्ती पाहिली आणि बाह्या सरसावल्या.

"चालतं कसं, अण्णा?" तो म्हणाला. "या, तुम्ही त्या बाजूने धरा."