माकडाने नेलेली पिशवी

कपडे धुण्याचे मशीन भिंतीपासून ओढून गिरिधरराव मागच्या अंगणात उकिडवे बसले, तेव्हा ते का बिघडले हे त्यांना आधीच माहीत होते. उघडून बघायचे होते ते फक्त पुराव्यासाठी.

“तू कोंबतेस,” ते बायकोला म्हणाले. “जुनें मशीन आहे, त्यास मायेनें वागवावें, हें मी किती वेळां सांगितलें?”

श्रीदेवी पायरीवर बसून कढीपत्त्याची पाने खुडत होती. “होय. मीच कोंबतें,” ती मान खाली घालून म्हणाली.

इथेच गिरिधररावांना संशय यायला हवा होता. इतक्या वर्षांच्या संसारात श्रीदेवीने पहिल्या झटक्यात चूक कबूल केल्याचे एकही उदाहरण नव्हते. पण आपलेच खरे ठरल्याच्या आनंदात ते स्क्रू सोडवायला लागले.

मशीन दोन टाक्यांचे होते. एकीत धुवायचे, मग कपडे उचलून शेजारच्या टाकीत पिळायला घालायचे. मुलीच्या, वाणीच्या जन्माच्या वर्षी ते घरात आले, तेव्हा अर्धी गल्ली बघायला लोटली होती. आता वाणी चेन्नईला नोकरी करत होती, मशीनचा पांढरा रंग ताकासारखा झाला होता, आणि आठवडाभर पिळायची टाकी नुसती घुर्र घुर्र करत जागच्या जागी बसून होती. श्रीदेवीचे म्हणणे, मेकॅनिक बोलवा नाहीतर नवे आणा. गिरिधररावांचे म्हणणे, मी घरात असताना मेकॅनिक कशाला? विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली एकेक वस्तू दुरुस्त करत आणली होती. मिक्सर आता झाकणावर दोन्ही हातांनी दाबून धरला तरच फिरायचा, आणि हॉलमधला पंखा एकदा लावला की थांबवायला घराची सगळी वीज बंद करावी लागायची.

तेवढ्यात मीनाक्षीबाई आत्या काठी टेकत मागच्या दारात आल्या. या गिरिधररावांच्या वडिलांची बहीण. ऐंशी उलटलेली, आणि घरातले सोवळे एकटीच्या बळावर टिकवून धरलेली. रोज सकाळी न्हायचे, आपले नऊवारी लुगडे आपल्या हाताने धुवायचे, पिळायचे, उंच टांगलेल्या वेळूवर काठीने वाळत घालायचे आणि दुसऱ्या सकाळी काठीनेच उतरवून नेसायचे. मध्ये कुणाचा हात लागता कामा नये.

गिरिधररावांना याचा कोण अभिमान! कॉफीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या ओसरीवर त्यांचे एकच पालुपद असे: “आमच्या आत्यास बघा. ऐंशी जालीं. अजून लुगडें आपल्या हातानें धुतात!” आणि हे म्हणताना ते श्रीदेवीकडे एक नजर टाकत. मागे पुण्याहून लांबचे पाहुणे आले होते. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या घरातल्या मराठीचे त्यांना फार हसू येई. गिरिधररावांनी त्यांना मुद्दाम अंगणात नेऊन आत्यांचे पिळणे दाखवले. पाहुणे हसायचे थांबले, त्यांनी व्हिडिओ काढला, आणि गिरिधररावांना धन्य धन्य वाटले.

“गिरी, तें मशीन उघडूं नक्को,” आत्या म्हणाल्या. “जुनें जालें. भंगारांत दे.”

“आत्या, तुम्हांस मशीनचें काय? तुम्ही तर त्याकडे बघत पण नाहीं.”

“मज काय?” म्हणून आत्यांनी श्रीदेवीकडे बघितले. श्रीदेवीने कढीपत्त्याकडे बघितले.

“मेकॅनिक बोलवूं हो,” ती पुटपुटली.

“कां? कोंबणें उघडें पडेल म्हणून?” गिरिधररावांचा आवाज चढला. “ऐक. चूक तुझी नसली, तर ह्या घरांतले अस्के कपडे, तुझे माझे सगळे, उद्यांपासून मी धुईन. हातानें! ह्या दगडावर!”

त्यांनी बोट दाखवलेल्या धुण्याच्या दगडावर वाळकी पाने पडली होती आणि त्यातून मुंग्यांची रांग चालली होती. ज्या दगडावर रोज लुगडे धुतले जाते त्यावर मुंग्या कशा, हा प्रश्नही त्यांना पडला नाही.

आवाज ऐकून कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या शंकरनारायणांचे डोके उगवले. हातात केळी होती, ती त्यांनी चटकन पाठीमागे नेली. त्याचे कारण असे की शंकरनारायण रोज सकाळी माकडांना केळी देत, आणि गेल्या आठवड्यात आत्यांची लवंग-सुपारीची दोरीची पिशवी नाहीशी झाली होती. आत्या म्हणाल्या, माकडाने नेली. झाले, गिरिधररावांनी भिंतीवरून शंकरनारायणांची चांगलीच हजेरी घेतली. तुमच्या लाडामुळे माकडे आता घरात शिरून म्हाताऱ्या बायकांना लुटतात, इथपर्यंत ते शुद्ध तमिळमध्ये बोलून गेले. तेव्हापासून तो सज्जन माणूस केळी लपवून देत होता.

“काय चाललंय सार?” त्यांनी तमिळमध्ये विचारले.

“या, या. साक्षीला या,” गिरिधररावही तमिळवर आले, आणि बोलता बोलता त्यांनी समोर दिसलेली एक जाड नळी जोर लावून उपटली.

धुण्याची टाकी रिकामी करायची राहिली होती. साबणाचे आठवडाभर शिळे झालेले पाणी भसकन बाहेर आले, गिरिधररावांचे धोतर भिजवून थेट आत्यांच्या दिशेने निघाले. सगळ्यांच्या कपड्यांचे ओवळे पाणी आणि आत्या सोवळ्यात! जिन्याची एक पायरी चढायला दोन माणसे लागणाऱ्या आत्या काठीवर जोर देऊन टुणकन धुण्याच्या दगडावर चढल्या. मुंग्यांची पांगापांग झाली. खाली चहूकडे पाणी, वर आत्या. आता अंगण धुऊन निघेपर्यंत त्यांना उतरायची सोय नव्हती.

“अय्यो, आत्या!” श्रीदेवी धावली.

“दूर! शिवूं नक्को!”

शंकरनारायण मागच्या दाराने आत आले, पण कुठे उभे राहावे ते न कळून पायजमा वर धरून तिथेच थांबले. गिरिधररावांनी मात्र माघार घेतली नाही. त्यांनी पिळायच्या टाकीच्या कडेने खाली हात घातला, मान वाकडी केली, डोळे मिटले आणि एकदम ओरडले, “सांपडलें! कांहीतरी अडकलें आहे. श्रीदेवी, ये, बघ आपलें कर्म!”

आधी एक दोरी आली. मग त्यांनी हिसका दिला तशी चोळामोळा झालेली एक भगवी पिशवी बाहेर आली. तिच्या तोंडातून फुगलेल्या लवंगा आणि सुपारीची खांडे टपाटप पाण्यात पडली.

शंकरनारायणांनी पुढे वाकून पिशवी नीट बघितली.

“सार, ही ती माकडानं नेलेली ना?”

“ती… होय,” गिरिधरराव म्हणाले. “माकडानंच मशीनमध्ये टाकली असेल.”

“झाकण उघडून?”

“हो.”

“आणि परत लावून?”

गिरिधरराव पिशवी उलटीसुलटी करून बघू लागले. तेव्हा श्रीदेवी म्हणाली, “मी टाकली. आंगणांत पडली होती, चुकून कपड्यांत गेली.”

गिरिधररावांच्या जिवात जीव आला. “बघा! काय म्हणत होतों मी? आत्यांची सोवळ्याची पिशवी अस्क्यांच्या घामट कपड्यांत! आणि मी बिचाऱ्या शेजाऱ्यास बोललों! तुज लाज कशी…”

दगडावर काठीचा खाडकन आवाज झाला.

“पुरे, गिरी,” आत्या म्हणाल्या. “ती पोरगी खोटें बोलते. पिशवी माझी. ती माझ्या लुगड्याच्या पदराच्या टोंकास बांधली होती, सोडायची विसरलें. लुगडें मीच मशीनांत घातलें.”

“तुम्ही? मशीनांत? सोवळ्याचें लुगडें?”

“मग कोठें घालूं? हें बघ.” त्यांनी काठी बगलेत धरून दोन्ही हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. “ह्यांनीं पिळणें होत नाहीं. लई दिवस जाले. तू सकाळीं कॉफीस गेलास कीं ही टाकीवर पाणी ओतून शुद्ध करून देते, मी काठीनें बटण फिरवतें. हा आठवडा नुसतें बुचकळून ठिबकतेंच वाळूं घातलें.”

“पण मज कां नाहीं सांगितलें?”

“कधीं सांगूं? तू गांवभर दवंडी पिटलीस. पुण्याच्या माणसांसमोर मज पिळायास लावलेंस. तुझें नांव जाऊं नये म्हणून पिळलें. मग दोन दिवस घांस उचलवेना. ही तेल चोळीत होती, आणि तू ओसरीवर तो व्हिडिओ लोकांस दाखवीत होतास.”

गिरिधररावांचे कान तापले. धोतर ओले, हातात पिशवी, समोर परका माणूस, आणि जावे तर चारही बाजूंनी पाणी. आत्यांचे पिळणे त्यांनी शेकडो लोकांना सांगितले होते. आत्यांचे हात त्यांनी आज पहिल्यांदा बघितले. आणि श्रीदेवी! ‘मीच कोंबतें’ म्हणत ती त्यांची बोलणी खात होती, आणि आताही दोष आपल्या अंगावर घ्यायला निघाली होती. त्यांना इतकी लाज वाटली की ते पुन्हा मशीनच्या मागे जाऊन बसले आणि नळी लावू लागले.

“चुकलों, आत्या,” मशीनच्या मागून आवाज आला. जरा वेळाने पुन्हा आला, “श्रीदेवी, चुकलों.”

“हूं,” श्रीदेवी म्हणाली, आणि अंगण धुवायला बादली आणायला गेली.

“मी येतो सार,” शंकरनारायण हळूच म्हणाले. दारापाशी ते थबकले. “माकडांना आता उघड केळी दिली तर चालेल ना?”

गिरिधररावांनी होकाराची मान डोलावली.

त्यांनी बटण फिरवले, तर पिळायची टाकी गरगर फिरू लागली. निवृत्तीनंतरची त्यांची ही पहिली यशस्वी दुरुस्ती. पण कौतुक कुणाकडे मागायचे?

“बेस फिरतें,” आत्या दगडावरून म्हणाल्या. “आतां उघडें पडलेंच आहे तर नीट होऊंदे. त्यावर पाणी ओता. आजपासून तें मशीन सोवळ्यांत. कोणी शिवूं नक्को. तुमचे कपडे त्यांत नक्को.”

“मग आमचे कपडे?”

आत्यांनी पायाखालच्या दगडावर काठीने दोनदा टकटक केले.

“‘ह्या दगडावर’ म्हणालात, मी ऐकलंय सार!” भिंतीपलीकडून शंकरनारायणांनी साक्ष दिली.

पुढच्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांचा व्हिडिओ कॉल आला. श्रीदेवी फोन घेऊन अंगणात आली. गिरिधरराव कोपरापर्यंत साबणात होते, दगडावर दोन माणसांची जाड चादर होती. पलीकडे आत्या मशीनचे बटण काठीच्या टोकाने फिरवत होत्या.

“काय हो काका, आत्या अजून लुगडं हातानंच धुतात ना?” पाहुण्यांनी विचारले.

गल्लीतले, देवळातले, कॉफीच्या दुकानातले सगळे चेहरे गिरिधररावांच्या डोळ्यांपुढून गेले.

“नाहीं,” ते म्हणाले. “आत्या मशीनांत धुतात. हातानें मी धुतों.”

“अरे वा! मग दाखवा की पिळून! थांबा, रेकॉर्डिंग सुरू करतो.”

गिरिधररावांनी श्रीदेवीकडे बघितले. तिने फोन जरा वर धरला. त्यांनी चादरीचे टोक उचलले आणि पिळायला सुरुवात केली. मनगटातून कळ आली.

“आणखीन पीळ, गिरी,” मागून आत्या म्हणाल्या. “पाणी ठिबकतें आहे.”

त्यांनी आणखी पिळले. श्रीदेवीच्या हातातला फोन जराही हलला नाही.