नेटमधली घूं-घूं

विजयसिंहानं फक्त राउटरचा अडॅप्टर बदलायचं ठरवलं होतं. एवढंच. त्यापायी घरामागं खड्डा खणला जाईल, सख्ख्या भावाचं बोलणं तुटेल आणि बायको तोंडाला कणीक फासेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. ऐकण्याच्या बाबतीत तो फार चोखंदळ माणूस.

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत तो दूध तपासायचा. कॅनचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरनं सांगायचा, ह्यात पाणी हाय. (यंत्रानं तसं दाखवलं नाही तर यंत्र दुरुस्तीला पाठवायचा.) संध्याकाळी मोटरसायकल लावायची, हातपाय धुवायचे आणि इंदापूर रस्त्याच्या आपल्या घरात स्पीकरसमोर बसून नेटवरनं जुनी गाणी ऐकायची, हा त्याचा नेम. दिवसातला तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा होता, आणि त्यातच ती घूं-घूं यायची.

बारीकशी होती, बाटलीत माशी अडकल्यासारखी. गाणं रंगात आलं की वाढायची, गाणं थांबलं की थांबायची. नावडतं गाणं असलं तर मुळीच नसायची. (ह्या शेवटच्या गोष्टीवर त्यानं घडीभर विचार केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण यंत्राच्या मागं लागलेल्या माणसाला विचाराला सवड कुठली.)

नेट जोडून देणाऱ्या भिगवणच्या तौसिफला त्यानं बोलावून घेतलं. दोघं कान टवकारून बसले. घूं-घूं आलीच नाही. दवाखान्यात नेलं की पोराचा खोकला थांबतो, त्यातली गत.

"मला तर काय ऐकू येत न्हाय, साहेब," तौसिफ म्हणाला. मग विजयसिंहाचं तोंड पडलेलं बघून त्याला दया आली असावी. "पण अडॅप्टर हलका असला की विजेचा कचरा वायरीत शिरतो, आन् वायरीतनं स्पीकरात जातो, असं म्हणत्यात खरं. बदलून बघा."

कचरा म्हणजे भेसळ, आणि भेसळ ओळखण्यात तर ह्याचा हातखंडा. अडॅप्टर बदलला. मग वायर बदलली. मग वायरीच्या मधे बसवायची एक काळी डबी पुण्याहून मागवली. घूं-घूं होती तिथंच. तेव्हा त्यानं शेतातल्या मोटरीला करतात तसं राउटरला अर्थिंग केलं. परसात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा भरला आणि रोज तांब्याभर पाणी घालायचं काम बायकोवर सोपवलं.

"तुळशीला घालते तशी आता ह्याला बी घालू?" राजलक्ष्मीनं विचारलं. "आन् प्रदक्षिणा?"

पाठोपाठ गाण्याच्या वेळी पंखा बंद झाला, फ्रिज बंद झाला, मिक्सरवर बंदी आली. राजलक्ष्मी पाट्यावर चटणी वाटायला लागली. वाटता वाटता मधूनच त्याच्याकडं बघायची, ओठ दाबायची आणि पुन्हा वाटायला लागायची. शेवटी त्यानं कानांवर गच्च बसणारा भारीतला हेडफोन आणला. तो लावला आणि घूं-घूं दुप्पट झाली, अगदी डोक्याच्या आत वाजल्यासारखी. तो चांगलाच घाबरला.

आता राहिली होती एकच गोष्ट. भिंतीपलीकडची वायर.

पलीकडं थोरला भाऊ राहायचा, अप्पा. वाटण्या झाल्या तशी अंगणात भिंत उठली, चुली दोन झाल्या, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. भांडण असं नव्हतं, पण येणं-जाणं आपसूक आटलं होतं. विहीर सोडली तर दोन्ही घरांत सामाईक म्हणावं असं एवढंच उरलं होतं, की विजयसिंहाच्या राउटरची एक वायर भिंतीवरनं अप्पाकडं गेली होती. अप्पाची लेक उत्कर्षा लग्न होऊन लांब नागपूरला होती. त्या नेटवर रोज संध्याकाळी तिचा चेहरा बघितल्याशिवाय अप्पाला जेवण जात नसे.

विजयसिंहानं ती वायर उपसली. पक्की नव्हे, चार दिवस बघण्यापुरती, असं त्याच्या मनात होतं. तसं त्यानं अप्पाला जाऊन सांगायचं, तर अंगणातनं स्वैपाकघराकडं तोंड करून तो मोठ्यांदा म्हणाला, "घावलं बघ. सगळी घाण पलीकडनं येतीया."

भिंत कमरेएवढी. पलीकडं बाजेवर अप्पा बसलेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी, फुलाबाई, भिंतीशी आल्या. त्यांच्या हातात पलीकडच्या टोकापासनं सोडवलेल्या वायरीचं वेटोळं होतं, दोरीनं नीट बांधलेलं.

"ह्यांनी दिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणाले, त्याची वस्तू त्याला देऊन टाक. आमची घाण आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"वहिनी, मी विजेच्या घाणीबद्दल..."

"ते मला काय कळतंय, भावजी," असं म्हणून त्या गेल्या. अप्पानं बाज उचलून गोठ्याकडं नेली. आता त्याची पाठसुद्धा दिसत नव्हती.

विजयसिंहाला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट म्हणजे त्याच संध्याकाळी घूं-घूं आली. उलट जास्तच आली, कारण आवडतं भजन होतं आणि घर चिडीचूप होतं. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून तो ती कुठनं येते हे हुडकत होता, तोच कणकेनं भरलेला एक हात त्याच्या तोंडावर घट्ट बसला.

घूं-घूं थांबली.

राजलक्ष्मीनं हात काढला. भजन पुढं चाललं होतं. अंतरा आला, गायकानं वर सूर लावला, आणि घूं-घूं सुरू झाली. तिनं पुन्हा हात ठेवला. थांबली.

"बसला का फिल्टर?" तिनं विचारलं.

विजयसिंह तिच्याकडं वळला. मिशीला कणीक. "मी?" एवढंच तो म्हणाला.

"तुमीच की. लगीन झाल्यापास्नं ऐकतीया. गाणं आवडलं की नाकातनं चालू हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस? खड्डा खणला मी, राजलक्ष्मी. मीठ घातलं."

"बघितलं की. पाणी मीच घालत व्हते." ती हसली, मग जरा गंभीर झाली. "सांगितलं असतं तर तुमी थांबला असता. दिवसभर लोकांचं दूध नासवत, न्हाय, तपासत फिरता. घरी येऊन तेवढंच मनापास्नं करता. मला ते बरं वाटतं. आन् मला एकटीलाच न्हाय. भिंतीकडंला बाज टाकून अप्पा रोज काय ऐकत बसायचे? स्पीकर? मामंजी उसाला पाणी देताना असंच करायचे म्हणं."

विजयसिंहाला हे माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा तो लहान होता, अप्पा मोठा होता. जे अप्पाला आठवत होतं ते ह्याच्या नाकात होतं, आणि त्यानं तीच बाज गोठ्याकडं घालवली होती. त्याला रडू यायला लागलं, म्हणून त्यानं तोंडावरची कणीक पुसली.

वायरीचं वेटोळं घेऊन तो भिंतीला वळसा घालून, रीतसर दारातनं अप्पाकडं गेला.

"अप्पा, घाण तुमच्याकडनं येत नव्हती. माझ्यातनंच येत व्हती."

अप्पा गव्हाणीत वैरण टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. अर्थिंगचं आलं तेव्हा त्याची पाठ हलली, पण तो वळला नाही.

"वायरीचं मला काय न्हाय रं, विजा," तो शेवटी म्हणाला. "पोरीला रस्त्यावर, रेंज येती तिथं जाऊन बी बघता येतं. तू बोललास ते लागलं. भिंत घातली तेव्हा बी एवढं लागलं नव्हतं."

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलं." अप्पानं हात झटकले. "जोड आता. पोरगी वाट बघत आसंल."

वायर जोडली. बाज भिंतीकडंला परत आली. विजयसिंह घरी येऊन स्पीकरसमोर बसला आणि आता आपण साऱ्यांना शुद्ध गाणं ऐकवायचंच, असं त्यानं ठरवलं. दातांखाली सुपारीचं खांड धरलं, ओठ मिटले, श्वास बेतानं घेतला. घूं-घूं नाही. तबल्यावरचं बोट न् बोट वेगळं ऐकू येत होतं. इतकं निर्मळ गाणं त्या घरात कधी वाजलं नव्हतं. जन्माचं सार्थक झालं, असं त्याला वाटायच्या बेतात होतं.

"विजा," पलीकडनं अप्पाचा आवाज आला, "नेट गेलं का रं?"

"न्हाय अप्पा. चालू हाय."

"मग काय ऐकू येत न्हाय ते?"

"मला बी येत न्हाय," आतनं राजलक्ष्मी म्हणाली. "बघा जरा, कायतरी बिघडलंय."

विजयसिंहानं स्पीकरकडं बघितलं, काळ्या डबीकडं बघितलं, परसातल्या खड्ड्याकडं बघितलं. सुपारी थुंकली. अंतरा आला तसं त्यानं डोळे मिटले.

भिंतीपलीकडं अप्पा फोन तोंडाशी धरून लेकीला सांगत होता, "हां, बोल आता. आलं नेट."