मौनातला होकार

गेल्या आषाढात मी ठरवलं, की आमच्या घरातला व्यवहार एकदाचा शिस्तीत आणायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरातलं काही मी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. (लग्नसुद्धा वडिलांनीच ठरवलं होतं.)

मी सांगलीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क आहे. आमचा माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीने फर्मान काढलं, की यापुढे फोन नाही, चिठ्ठी नाही. ऑर्डर त्यांच्या कॉम्प्युटरवरून थेट आमच्या कॉम्प्युटरवर येणार, तीही एकाच ठरावीक साच्यात. मालाला कोड, गावाला कोड, तारखेचा रकाना ठरलेला. त्यासाठी मला दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं, आणि दोन दिवसांत माणूस जितका बिघडू शकतो तितका मी बिघडून घरी आलो.

घरी माझी बायको प्रभावती शेवया करून विकते. एक छोटं मशीन आणि हाताखाली तीन बायका. तिचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे रहिमतपूरचे किराणा दुकानदार पीरमहंमदभाई. दर मंगळवारी त्यांचा फोन यायचा. मी घड्याळ लावून पाहिलं, सत्तावीस मिनिटं! त्यात त्यांच्या बायकोचा, मेहरुनबींचा गुडघा, मुलीचं, म्हणजे अर्फाचं स्थळ, आमच्या नळाचं पाणी, आणि फोन ठेवता ठेवता, "बरं ताई, धा किलो पाठवा." म्हणजे कामाचं वाक्य एक आणि बाकीची सव्वीस मिनिटं फुकट.

मी पीरभाईंच्या मुलाला, दानिशला गाठलं. दुकान आता तोच बघतो. तो तर खूशच झाला. "काका, लय भारी! अब्बा फोनवर बसलं की गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय."

दोन रविवारांत आम्ही साचा तयार केला. सहा रकाने. शेऱ्याचा रकाना मी मुद्दाम काढून टाकला, कारण गुडघा तिथूनच आत शिरला असता.

ट्रेनिंगच्या सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. ऑर्डर मिळाली की लगेच नुसती पोच द्यायची; माल आहे का, वेळेत होईल का हे बघून मग होकार वेगळा द्यायचा. घरगुती धंद्यात दोन-दोन उत्तरं म्हणजे मला उधळपट्टी वाटली. मी दोन्ही एकत्र केली. ऑर्डर आली रे आली की आमचा कॉम्प्युटर आपणहून प्रभावतीच्या नावाने कळवणार : 'स्वीकारले.'

"मला न विचारता?" प्रभावती म्हणाली.

"तू कधी नाही म्हणतेस का त्यांना?"

"न्हाई म्हणत न्हाई. पर व्हय कोण म्हणतंय? मीच न्हवं?"

या प्रश्नाला माझ्या साच्यात रकाना नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला.

श्रावणभर सगळं सुरळीत चाललं. मग भाद्रपद आला. आम्ही जैन. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस प्रभावती मशीन धुऊन झाकून ठेवते, मोबाइल बंद करून कपाटात टाकते आणि दिवसातून एकदाच जेवते. शेवटच्या दिवशी, चतुर्दशीला पाणीसुद्धा घेत नाही आणि दिवसभर मौन पाळते. (एकदाच मीही जेवतो. फक्त ते जेवण सकाळी सुरू होतं आणि संध्याकाळी संपतं.) पीरभाईंना हे वीस वर्षांपासून ठाऊक होतं. पर्वाच्या आधीच ते जादा माल उचलायचे. आणि हे सगळं ठरायचं कधी, तर त्या फुकट सव्वीस मिनिटांत.

चतुर्दशीच्या सकाळी दानिशचा फोन आला. "काका, शेवया न्यायला गाडी कवा धाडू?"

"कसल्या शेवया?"

"पंधरा किलो! उद्या अर्फाची शादी हाय न्हवं का? शिरखुर्मा ताईंच्याच शेवयांचा, म्हणून अम्मीनं साऱ्या पावण्यांना सांगून ठिवलंय. चार दिसांमागं ऑर्डर टाकली, तर मिनिटात 'स्वीकारले' आलं की."

पत्रिका आमच्या घरी आली होती. शेवयांचं तिच्यात कुठून असणार? मी कॉम्प्युटर उघडला. ऑर्डर होती, उत्तरही होतं. शेवया मात्र नव्हत्या.

प्रभावती जपमाळ घेऊन बसली होती. मौनातल्या बायकोला वाईट बातमी सांगणं सोपं जाईल, असा माझा समज होता. तो खोटा ठरला. तिने सगळं ऐकून घेतलं, कॅलेंडरचं जुनं पान ओढलं आणि पाठीमागे लिहिलं, 'कुणी स्वीकारलं?'

मी स्वतःकडे बोट दाखवलं. (मौन तिचं होतं, पण आवाज माझा गेला होता.)

तिने पुन्हा लिहिलं, 'वीस वर्षांत माझा शब्द कधी मोडला नव्हता. आज मोडला, तोही मी न देता.'

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा थेंबही न घेतलेल्या बाईला मी रडवलं होतं. मला अगदी मनापासून लाज वाटली. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा आमचा क्षमावणीचा दिवस अजून यायचा होता. मी तिथेच हात जोडले. तिने मान हलवली आणि लिहिलं, 'मला नको. पीरभाईंना.'

मी फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"आवं जवाहरराव, ताईंचं पर्व हाय की!" पीरभाई म्हणाले. "पोराला काय ठावं? आनि हे बगा, ताईंना यातलं कायबी सांगू नका. उपास हाय त्यांचा."

"सांगितलं."

"लय वाईट केलंत," ते हळूच म्हणाले. "बाजारच्या आनतो शेवया. मेहरुनला सांगतो कायतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभावतीने पारणं केलं आणि माळ्यावरून एक पितळी डबा काढला. उन्हाळ्यात पाटावर हाताने वळलेल्या साडेचार किलो शेवया. आमच्या मुलीच्या, प्रीतीच्या डोहाळजेवणासाठी तिने त्या राखून ठेवल्या होत्या. आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. मौन सूर्योदयालाच सुटलं होतं. रहिमतपूरपर्यंत मला ते जाणवलं नाही.

मेहरुनबी गुडघा धरत दारापर्यंत आल्या. प्रभावतीने डबा त्यांच्या हातात दिला.

"भाभी, कमी हायत. पर माझ्या हातच्या हायत."

मेहरुनबींनी झाकण उघडून पाहिलं आणि तिला मिठीच मारली. दोघीही रडल्या. मग तिथेच बसून बुडालेले सगळे मंगळवार त्यांनी एका बैठकीत वसूल केले. पीरभाई शेजारी उभे राहून डोळे पुसत होते. साडेचार किलोचा शिरखुर्मा नवरीच्या पंगतीला तरी पुरणार होता.

तेवढ्यात नवऱ्याकडचे एक वयस्कर पाहुणे आत आले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोण म्हनायचं?"

"आमच्या ताईंचं मालक," पीरभाई म्हणाले. "सांगलीचं."

"आसं व्हय? काय करत्यात?"

मी शर्ट सारखा केला. कारखाना, डिस्पॅच, ट्रेनिंग, सर्टिफिकेट, सगळं ओठांवर आलं होतं. पण मेहरुनबींच्या हातातला हात न सोडता प्रभावतीच म्हणाली, "ऐकून घेत्यात. कालपासनं."