सबनीसकाकांचं स्प्रूस

सबनीसकाका हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे, कारण बेडरूममध्ये झाड राहायचं.

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या कंपाउंडमध्ये नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळायची. दोन हजार सालानंतरची ही वर्षं. झाड म्हणजे कुंडीतलं वीतभर स्प्रूस, थंड उत्तरेतलं सूचिपर्णी. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येत नसे आणि आत याच्यासाठी एसी चोवीस तास. काका त्याला पाणी घालायला मफलर गुंडाळून जात.

नोकरी भूशास्त्रज्ञाची. खोल बोअरमधून आलेल्या दगडात परागकण शोधायचे. जीव मात्र हिमयुगात अडकलेला. गणपतीची आरती संपून प्रसाद हातात पडला की सुरू. “उत्तरेत डोंगराएवढा बर्फ होता, बरं का! पुस्तकं म्हणतात, तिथली झाडं खलास. बर्फ वितळला तशी दक्षिणेकडून पुन्हा पसरत आली. मी म्हणतो, सगळी नाही! थोडी स्प्रूसं तिथंच कुठंतरी कड्याच्या आडोशाला तग धरून होती.”

“पुरावा?” आमचे हे विचारत.

“तळ्याच्या गाळात मिळेल. इन्शाल्ला.”

सारख्या नोकऱ्या बदलणाऱ्या पाटलांना ते बर्चचं झाड म्हणत. हलकं बी, बर्फ हटला की वाऱ्यावर बसून सगळ्यात आधी हजर. मला म्हणाले, “मेधा, तू ओक. तुमचं बी पाखरानं उचलून आणावं लागतं.” मी लग्न होऊन इथं आलेली.

एका जुलैत भर दुपारी काकांच्या रांगेतल्या घरांची वीज गेली. दार उघडलं तर काका. छातीशी कुंडी, घामानं निथळलेले.

“वीज येईपर्यंत याला तुमच्या एसीत ठेवशील?”

झाड आमच्या बेडरूममध्ये गेलं. पाठोपाठ काकाही. त्याच्याजवळ फरशीवरच बसले. मी वरणभाताचं ताट तिथंच नेलं.

“काका, तुळस सोडून हे कुठून आणलंत?”

“मी कुठला आणतोय? आमच्या हिनं.” ते भात कालवत राहिले. “स्वीडनला शिकत होतो, तेव्हा हिनं जंगलात शंकू वेचला होता. बी बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची. म्हणायची, सवड झाली की पेरू. ती गेल्यावर फ्रिज आवरताना बाटली हाताला लागली. होतं नव्हतं ते सगळं पेरलं. एवढं एकच उगवलं.”

मी आणखी वरण वाढलं.

संध्याकाळी त्यांच्या घरातले दिवे लागलेले खिडकीतून दिसले. “काका, वीज आली.”

“हो, बघितलं.” ते उठले नाहीत. बाहेर हॉलमध्ये माझी मुलगी वडिलांशी इंग्रजीत भांडत होती. ते ऐकत काका म्हणाले, “त्याला इथं बरं वाटतंय. घरात आवाज आहेत.”

“मग जेवूनच जा.”

थोड्या वेळानं काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“लसूण सोलायचाय का गं?”