मार्सोच्या राशीतले पाच ओंडके

रेघ: सरळ पुढे

बाझिलने सुपात पावाचा दुसरा तुकडा बुडवला, तेवढ्यात सरपंच लुव्ये खाणावळीत शिरले. त्यांच्या काखेत एक ओंडका होता. तो त्यांनी वाडग्याशेजारी असा आपटला की अर्धे सूप मेजावर आले.

"ही कुणाची अक्कल?"

ओंडक्याच्या कापलेल्या गोल तोंडावर पिवळ्या रंगाचा, डावीकडे वळलेला बाण होता. कडा स्वच्छ, टोक रेखीव. आपले काम ओळखायला बाझिलला चष्मा लागला नाही.

"माझी. पण हा तुमच्याकडे कसा?"

"माझ्या लाकडांच्या खोपीत होता! आणि खोपीच्या डावीकडे काय आहे? माझं स्वयंपाकघर! सकाळी बायको केसांत गुंडाळ्या घालून कॉफी ओततेय, तर दारात चार डच. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. म्हणतात, बाँझूर, जंगल इकडूनच ना?"

"मग वहिनी काय म्हणाल्या?" काउंटरमागून ओर्तांसने विचारले.

"काय म्हणणार? कॉफी दिली. बाँझूर म्हणून नमस्कार केला ना त्यांनी!"

ओर्तांस हसली नाही, पण पेला पुसायचे फडके तिने उगाच तोंडाशी नेले. ऑगस्टपासून तिच्या दारावर एक पाटी होती: 'सर्व संतांच्या सणानंतर बंद.' तो सण एक नोव्हेंबरला. फुझरोल गावातली ही एकुलती एक खाणावळ. गिऱ्हाईक रोजचे एकच, आणि ते आत्ता सूप पुसत होते. खाणावळ मिटली की ती लेकीकडे दिजाँला जाणार होती. पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा बाझिल "बरं" म्हणाला होता. मग घरी जाऊन त्याने ते "बरं" पुष्कळ वेळा गिळायचा प्रयत्न केला.

वळलेला बाण: डावीकडे

आता तो ओंडका तिथे कसा गेला?

बाझिल निवृत्त पोस्टमन. पायवाट मंडळाने त्याला कुंचला, साचा आणि पिवळ्या रंगाचा डबा दिला आणि टेकड्यांवरची नवी वाट रंगवायला सांगितले. खुणा तीनच. रेघ म्हणजे सरळ. वळलेला बाण म्हणजे वळा. फुली म्हणजे इकडे वाट नाही.

गावाआधी एक फाटा होता. सरळ गेले की डांबरी रस्ता आणि हाकेच्या अंतरावर ओर्तांसची खाणावळ. डावीकडे बीच वृक्षांचे जंगल. बाझिलने मंडळाचे तपासनीस मस्ये (श्रीयुत) कोर्बिये यांना दोनदा विनवले, वाट गावातून काढू या, निदान सूप प्यायपुरती. उत्तर आले, "डांबरावर चालणाऱ्याला नेणं नियमात बसत नाही." आणि बाझिल म्हणजे उभ्या नोकरीत उघडे पोस्टकार्डसुद्धा न वाचलेला माणूस. लोकांना ओर्तांसच्या दारापासून दूर वळवणारा बाण त्याने स्वतःच्या हाताने काढला, आणि घरी ओल आहे म्हणून रंगाचा डबा आणि साचा तिच्याच जिन्याखाली ठेवला.

अडचण एवढीच की फाट्यावर बाण काढायला काही नव्हते. तिथली झाडे गेल्या हिवाळ्यात तोडली होती. उभी होती ती फक्त मार्सोची लाकडांची रास. ओकची, छातीएवढी, शेवाळ धरलेली. मार्सो आणि त्याचा भाऊ दोघे मिळून तिचे मालक, आणि दोघांत बोलणे बंद. एकाने विकायची म्हटले की दुसरा नाही म्हणायचा. फुझरोलमध्ये त्या राशीवरून पत्ता सांगत. चर्च पडेल, रास हलणार नाही, अशी तिची ख्याती. बाझिलने तिच्यावर निर्धास्तपणे बाण काढले. एकावर सावली आली तर दुसरा दिसावा म्हणून चांगले पाच.

मग पुतणीच्या लग्नात दोघे भाऊ नाचले, रडले, गळ्यात पडले. आठवड्याभरात रास विकली गेली, गावातच, घरोघर सरपणाला.

फाट्यावर खूण नाही म्हणून चालणारे सरळ गावात. गावात आले की कुणाच्या तरी वळचणीखाली पिवळा बाण. खूण दिसली की वळायचे, हे त्यांच्या पायांत भिनलेले.

"आणि येत्या रविवारी," सरपंच म्हणाले, "तुझे ते कोर्बिये चाळीस माणसं घेऊन वाट बघायला येतायत. ती चाळीस माझ्या स्वयंपाकघरात आली तर तुला त्याच चुलीत घालीन."

"ओला आहे तो," ओर्तांस म्हणाली. "नुसता धूर करेल."

रेघ: पुन्हा सरळ

बाझिलने हातगाडीत घरचे कोरे ओंडके घातले आणि दारोदार अदलाबदल करत निघाला. एक ओंडका सरपंचांनी आणून दिलाच होता. दोन पाववाल्याकडे सापडले. तिथे लोक बाणाप्रमाणे जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यात अडकत होते. एक खुद्द मार्सोकडे.

पाचवा पेलाजी आजींकडे. त्यांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर, जेरेनियमच्या कुंड्यांमध्ये ठेवला होता.

"नाही देणार," आजी म्हणाल्या.

"आजी, बदल्यात हा चांगला वाळलेला देतो."

"तो घाल चुलीत. ह्याला हात लावू नकोस. काल सहा जण आले. एकानं माझं भिंतीवरचं घड्याळ चालू केलं. एक मुलगी माझं जर्दाळूचं लोणचं दोनदा मागून जेवली."

"जर्दाळूचं लोणचं? आजी, ते तुम्ही आम्हाला कधी दिलं नाहीत."

"तू कधी बसलास? पेटीत पत्र टाकलं की सायकलवर टांग. आणि आता तर तेही नाही. निवृत्त तू झालास, शिक्षा मला."

बाझिलने टोपी काढली, परत घातली. "रविवार होऊ दे. मग मी येईन. बसेन."

"बाँझूर म्हणून येशील?"

"बाँझूर म्हणून येईन."

आजींनी ओंडका दिला. हातगाडी ढकलताना तो एकटाच बाकीच्या चारांपेक्षा जड लागत होता.

फाट्यावर बाझिलने खांब पुरला, त्यावर बाण काढला: डावीकडे, गावापासून दूर, नियमाप्रमाणे. रंग लावताना डबा हलका वाटला. झाकण नीट बसले नसेल, वाळला असेल, असे त्याने स्वतःला सांगितले.

पाच रंगवले, पाच आणले. विषय संपला.

बुधवारी पेलाजी आजींच्या अंगणात तीन बेल्जियन होते.

गुरुवारी सरपंचांच्या स्वयंपाकघरात नवरा-बायको आणि त्यांचे कुत्रे. बाझिल घाबरत घाबरत माफी मागायला गेला.

"कसली माफी?" सरपंच म्हणाले. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता. आत बायको खळखळून हसत होती, आणि तिच्या केसांत गुंडाळ्या नव्हत्या. "जा रे, पाहुणे आलेत."

"पण ओंडका? सगळे तर मी नेले."

"कुठला ओंडका?" सरपंचांनी दार लावले.

बाण: सगळीकडे

रविवारी पहाटे धुके होते. बाझिल फाट्यावर पोचला. खांब जागेवर, बाण जागेवर. पण खांबाच्या पायथ्याशी एक ओंडका, त्यावर पिवळा बाण, तोंड गावाकडे. त्याने तो उचलला. चार पावलांवर दुसरा. तोही उचलला. पुढे डांबराच्या कडेला आणखी तीन. बाण हौशी होते, एकाला तर शेपटीच नव्हती.

छातीशी ओंडक्यांची चळत घेऊन, हनुवटीने वरचा दाबून धरत तो फाट्याकडे परत वळला, आणि धुक्यातून काठ्यांची टकटक आली. सर्वांत पुढे मस्ये कोर्बिये. मागे चाळीस माणसे.

"बाँझूर," चाळीस जण म्हणाले, एकेक करून.

बाझिलला चाळीस वेळा उत्तर देणे भाग होते. हनुवटीखालचा ओंडका प्रत्येक वेळी सरकत होता.

कोर्बियेंनी त्याच्याकडे बारकाईने पाहिले. त्याच्या पोटावर एक बाण डावीकडे होता, एक उजवीकडे, दोन आकाशाकडे आणि एक थेट तपासनिसांच्या नाकाकडे.

"मस्ये बाझिल, ह्यातला पाळायचा कुठला?"

ओंडके टाकले तर सगळे बाण वाटेवर पडणार. धरून ठेवणे जमत नव्हते. खांबाकडे बोट दाखवायला हात मोकळा नव्हता. घर लांब, आणि हे सगळे टेकवायला जवळ जागा एकच. बाझिल वळला आणि डांबरावरून झपझप चालू लागला.

आपल्यामागे टकटक येते आहे हे त्याला वाटेतच कळले. पिवळी खूण पुढे जात असेल तर चालणारा तिच्या मागे जातो. शिस्तच ती.

खाणावळीचे दार उघडे होते. आत मेजे जोडून ठेवलेली, मोठ्या पातेल्यात कोबी आणि डुकराचे मांस रटरटते आहे, पेलाजी आजी पाव कापत आहेत, आणि सरपंचीणबाई वाडगे मांडत आहेत. चाळीस.

बाझिलने ओंडके चुलीपाशी उतरवले. तेव्हा कुठे त्याचे लक्ष सालीकडे गेले. साल पांढरी होती. भूर्ज. मार्सोच्या राशीत सगळा ओक. भूर्ज फुझरोलमध्ये एकाच चुलीत जळत असे, आणि ती चूल त्याच्यासमोर होती.

ओर्तांसने हात ऍप्रनमागे लपवले. उशीर झाला होता. नखे पिवळी होती.

"मस्ये बाझिल," तिसऱ्या वाडग्यानंतर कोर्बिये म्हणाले, "मला हे लिहावं लागेल. डांबरावर खुणा."

"खुणा नाहीत," बाझिल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने नियमाला कोपरखळी मारली होती. "खूण आहे ती खांबावर, डावीकडे. मी सरपण घेऊन चाललो होतो. तुम्ही का आलात?"

कोर्बियेंनी विचार केला. पाव पातेल्यात बुडवून पुन्हा विचार केला.

"सरपणाबद्दल नियम नाही," ते अखेर म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतो, तेव्हा आणखी तपासू. थोडा रस्सा आहे का?"

फुली

दुपारी सगळे गेले. आजींकडे बसायला जायचे म्हणून बाझिलही उठला. दारात थांबला. ओर्तांसला काहीतरी सांगायचे होते. ऑगस्टपासूनच सांगायचे होते. पण तोंड उघडले की "बरं" बाहेर येईल अशी भीती वाटत होती. म्हणून त्याने दार नुसतेच आपल्यामागे ओढून घेतले.

ओढताना हाताला काहीतरी चिकट लागले.

'सर्व संतांच्या सणानंतर बंद' या पाटीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोठी पिवळी फुली होती. कडा वेड्यावाकड्या, पण फुलीच. रंग ओला होता.

बाझिलने बोटाला लागलेला रंग पाहिला, मग फुली. तिचा अर्थ गावात त्याच्याइतका कुणाला माहीत होता? मग तो परत आत गेला, जिन्याखालून साचा काढला आणि ओर्तांसपुढे धरला.

"फुली दोघांनी काढायची असते, एकानं साचा धरून," तो म्हणाला. "एकटीनं केलीस, म्हणून वाकडी झाली."

"मग धर तू," ओर्तांस म्हणाली.